उद्यापनानंतरचे शरीर

मराठी हिंदू कुटुंबांत स्त्रीची पाळी कायमची थांबणे ही नुसती शरीराची घटना राहत नाही, तिला व्रताचीही जोड असते. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमी करणाऱ्या स्त्रिया आघाड्याच्या काडीने दात घासतात, नदीवर किंवा घरीच स्नान करून अरुंधतीसह सप्तर्षींची पूजा करतात आणि बैलाच्या कष्टाचे काहीही न खाता ऋषीची भाजी खातात. पाळीच्या दिवसांत नकळत घडलेल्या शिवाशिवीचा दोष या व्रताने फिटतो अशी श्रद्धा असून पाळी गेल्यावर त्याचे उद्यापन, म्हणजे विधिपूर्वक समाप्ती, करण्याची रीत आहे. व्रतकथेतली स्त्री विटाळात भांड्यांना शिवली म्हणून कुत्रीच्या जन्माला जाते आणि तिच्या संसर्गाने तिचा नवरा बैल होतो. या कथेच्या धाकात वर्षानुवर्षे बाजूला बसलेल्या बाईला उद्यापनानंतर देवघर, लोणच्याची बरणी आणि वारीची वाट बाराही महिने मोकळी होते. ‘सुटले एकदाची’ या उद्गारातला आनंद खरा आहे, त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. मात्र ज्या अवयवाचा विचार आयुष्यभर केवळ विटाळाच्या अंगाने झाला, त्याचा विटाळ संपताच त्याची विचारपूसही संपते, आणि धर्मविचाराने थांबून पाहावे अशी जागा नेमकी ही आहे.

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे सातपूर हे औद्योगिक वसाहतीचे, कामगारांच्या चाळी-कॉलन्यांचे आणि कामगार विमा रुग्णालयाचे उपनगर आहे. पौष वद्य एकादशीच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी येणाऱ्या दिंड्याही याच रस्त्याने पुढे जातात. या दिंड्यांत पन्नाशी ओलांडलेल्या बायका पुष्कळ असतात, आणि वाटेत आडोसा मिळेल की नाही या काळजीने पाणीच कमी प्यायचे, मग लघवीला जळजळायचे, म्हणजे बायकांच्या भाषेत उन्हाळी लागायची, हा अनुभव त्यांना नवा नसतो. पाणी कमी पडले की कोणालाही असा त्रास होतो. पण तो पुन्हापुन्हा होऊ लागला, त्याला जागेची आग, खाज, कोरडेपणा आणि संबंधाच्या वेळच्या वेदना येऊन मिळाल्या, तर कारण बहुधा खोलवरचे असते.

बीजकोशांतून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे फिरून दूरच्या अवयवांना चालना देणारे द्रव्य, रजोनिवृत्तीनंतर फार घटते. त्याच्या आधारावर योनीचे अस्तर जाड, ओलसर आणि लवचीक राहत असते. आधार गेला की अस्तर पातळ होते, त्यातली साखर कमी होते, त्या साखरेवर जगून योनी आम्ल ठेवणारे उपकारक जिवाणू घटतात आणि बाहेरच्या जंतूंना वाव मिळतो. मूत्रमार्गाच्या तोंडाचेही तेच होते. या साऱ्या तक्रारींना २०१४ साली वैद्यकाने एक एकत्रित नाव दिले, ते जननेंद्रिये आणि मूत्रमार्ग या दोहोंना कवेत घेणारे आहे. अंगावरून येणारी उष्णतेची लाट काही वर्षांनी ओसरते. हा कोरडेपणा मात्र उपचारावाचून सहसा ओसरत नाही, वयाबरोबर वाढतो.

यावर इस्ट्रोजेनचे मलम किंवा बारीक गोळी योनीत ठेवण्याचा उपाय आहे, आणि त्याला घेतले जाणारे आक्षेप वैद्यकीय कमी व नैतिक अधिक असतात. निसर्गाने थांबवले ते पुन्हा कशाला सुरू करायचे, हा पहिला. सुश्रुतसंहितेत रजःस्राव बाराव्या वर्षी सुरू होऊन पन्नाशीला जरेमुळे क्षीण होतो असे स्पष्ट म्हटले आहे, तेव्हा रजोनिवृत्ती स्वाभाविक आहे यात शंका नाही. परंतु स्वाभाविक ते सोसलेच पाहिजे असे आयुर्वेदाने मानलेले दिसत नाही. चरकाने वीस योनिव्यापद, म्हणजे योनीचे विकार, सांगितले, त्यांत ‘शुष्का’ आहे. तिचे कारण त्याने वेगळे दिले आहे हे खरे, पण योनीत औषधी तेलाचा पिचू, म्हणजे भिजवलेला कापसाचा बोळा, ठेवण्याची चिकित्सा त्या परंपरेला परकी नव्हती. शिवाय या उपचाराने पाळी परत येत नाही. तो अस्तरापुरता असतो.

दुसरा आक्षेप वानप्रस्थाच्या वयाचा: नातवंडे झाल्यावर कसली कामेच्छा? रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवून स्त्रीच्या कामसुखाला नैतिक मान्यता मागितली आणि त्यापायी खटले ओढवून घेतले. त्यांचे सगळे पटले नाही तरी, पतिपत्नींमधली जवळीक कोणत्या वयात थांबावी हे ठरवण्याचा अधिकार शेजाऱ्यांना आणि सुनांना कोणी दिला, हा प्रश्न उरतोच. आणि लघवीच्या जळजळीत तर कामेच्छेचा संबंधही नाही. तिसरा आक्षेप सोशिकपणाला तप समजण्याचा आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात शास्त्राने न सांगितलेली, देहाला पीडा देणारी घोर तपे आसुरी ठरवली आहेत. वेदना गिळणाऱ्या बाईची थोरवी गाणाऱ्यांनी तो अध्याय सावकाश वाचावा.

उपासाचा प्रश्न त्यामानाने किरकोळ आहे. व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी परंपरेने सांगितल्या आहेत, त्यांत औषध आहेच. रमजानच्या रोजात असे औषध चालते का याविषयी मुस्लिम धर्मशास्त्रज्ञांत मतभेद आहेत, पण औषध रात्री झोपतानाच ठेवायचे असल्याने वाद सहज टळतो. अहिंसेचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. १९४० च्या दशकापासून वापरात असलेले ‘प्रेमारिन’ हे औषध गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढले जाते. जैन किंवा वारकरी स्त्रीला ते खटकले, तर तिने डॉक्टरांना तसे सरळ सांगावे, कारण इस्ट्रिऑल व इस्ट्राडिऑल ही प्रयोगशाळेत घडवलेली द्रव्येही मिळतात.

वापर सोपा आहे. बहुधा पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि पुढे आठवड्यातून दोनदा, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाइतकेच मलम नळीने आत सोडायचे आणि नळी साबणाने धुऊन ठेवायची; गुण यायला काही आठवडे लागतात, आणि थांबवले की त्रास परततो. संबंधाच्या ऐन आधी वंगण म्हणून ते लावू नये, त्यासाठी बिनहार्मोनची वंगणे वेगळी मिळतात. इस्ट्रोजेनची भीती पसरली ती २००२ मध्ये थांबवलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीमुळे. पण तिच्यात १६,६०८ स्त्रियांपैकी औषधाच्या गटाला तोंडाने घ्यायच्या दोन संप्रेरकांची गोळी दिली होती. योनीतल्या अल्प मात्रेतून रक्तात फारच थोडे उतरते, म्हणून गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रीलाही सहसा जोडीला दुसरे संप्रेरक लागत नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, आणि विशेषतः इस्ट्रोजेन रोखणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी बिनहार्मोनचे उपाय आणि नंतरच, कर्करोगतज्ज्ञाच्या संमतीने, हा विचार.

विटाळाच्या कल्पनेचा सर्वांत मोठा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरांनी मासिक स्रावाला देहाच्या इतर मळांच्या पंक्तीत बसवले, संत सोयराबाईंनी विटाळावाचून देहच घडत नाही असा रोकडा युक्तिवाद केला. तरीही वर्षभर पाळी थांबल्यानंतर अंगावरून पुन्हा लाल गेले, तर पुष्कळ घरांत पहिली प्रतिक्रिया शरमेची असते. उद्यापन केलेल्या बाईला पुन्हा विटाळ आला, हे सांगायचे कोणाला? ती मुकाट्याने देवघरापासून दूर राहते, आणि थांबेल म्हणून आठवडे जातात. प्रत्यक्षात हा स्राव पाळी नसते. कारण बहुतेकदा कोरड्या अस्तराचेच असते, पण काही वेळा ते गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूण असते, म्हणून त्याचा छडा लागेपर्यंत इस्ट्रोजेन सुरू करू नये आणि चालू असेल तर डॉक्टरांना लगेच कळवावे. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त निघाली तर तुकडा तपासायला पाठवतात. त्या तपासणीसाठी मुहूर्त पाहायचा नसतो, आणि श्रावण संपेपर्यंत थांबायचेही नसते.