काठी जाळायची की ठेवायची?

ऐरोलीला ठाणे खाडीच्या काठावर किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. २०१७ साली सुरू झालं. आम्ही पळस्प्याची चारपाच पोरं तिथं जाऊन आलो. कांदळवनाची मुळं चिखलातून वर येऊन श्वास घेतात, गाळावर रोहित पक्षी चरायला उतरतात, हे सगळं तिथं नीट कळतं. केंद्र जीवसृष्टीचं आहे, आपलं काम करतं. तक्रार नाही.

परतताना पळस्पे फाट्यावर चहा पिताना विषय निघाला. खाडीकाठच्या माणसांचं असंच एक संग्रहालय आपण काढलं तर त्यात ठेवायचं काय? एक म्हणाला, होडी आणि जाळं. दुसरा म्हणाला, खारबांधाची उघाडी. भरतीला बंद, ओहोटीला उघडी. तिच्यावरच खारजमिनीतला भात जगतो. मी म्हणालो, आमच्या माळ्यावर आज्याची घुंगुरकाठी आहे.

सगळे गप्प.

मग एक दोस्त उसळला, "जाळ ती! बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, आणि आपण गुलामीची काठी काचेत मांडायची?"

प्रश्न खरा आहे. टाळून चालणार नाही. ज्या फाट्यावर आम्ही बसलो होतो तिथूनच रस्ता महाडला जातो. १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेब या रस्त्यानं गेले नाहीत. बसवाले ऐनवेळी नाही म्हणतील म्हणून मुंबईहून बोटीनं निघाले, सावित्रीच्या खाडीत दासगावला उतरले, तिथून पायी महाड. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. पण त्याच बाबासाहेबांनी पुढं जन्मभर धर्मग्रंथ उलटेपालटे करून वाचले, त्यांतलेच दाखले काढून १९४६ साली शूद्र कोण होते ते जगाला सांगितलं. म्हणजे हुकूम जाळायचा असतो, पुरावा जपायचा असतो. पंचाईत ही, की काठी दोन्ही आहे.

नुसती काचेत ठेवली तर? खाली चिठ्ठी लागेल, 'घुंगुरकाठी, ग्रामीण लोकजीवन'. झालं! गुलामीची लोककला झाली. बघणारा म्हणेल, वा, काय छान घुंगरं. उघाडीचंही तेच. बांध दिसेल, खोत दिसणार नाही. अलिबागकडं चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागं उभं राहून १९३३ पासून सहा वर्षं खोतांची शेती कसली नाही, ते का? बाबासाहेबांनी १९३७ ला खोती रद्द करायचं बिल मांडलं, ते कशासाठी? वस्तू एकटी ठेवली की खोटं बोलते. ती कुणी बनवली एवढं पुरत नाही. ती कुणी धरायला लावली तेही लिहावं लागतं.

घरी येऊन आजीला विचारलं. नव्वदीला टेकलीय. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ठेव बाबा. पण तुझ्या आज्याला वाकलेला नको दाखवू. त्यांनी ती टाकली तो दिवस सांग."

वतन कायद्यानं गेलं ते १९५८ च्या. आज्यानं काठी त्याच्या आधीच टाकली होती. गावकी बोंबलली, धान्य बंद झालं, तरी परत उचलली नाही. हे मला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं. मी काठीची लाज बाळगत होतो. लाज ज्यानं धरली त्याची नव्हे. ज्यांनी धरायला लावली त्यांची आहे.

दोस्तांनो, तुमच्याही माळ्यावर काहीतरी असेल. जाळायला काडी ओढण्याआधी घरातल्या म्हातारीला एवढंच विचारा: टाकलं कधी?