तीर्थयात्रेचे माहात्म्य व मर्म

‘तीर्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ नदीचा उतार, म्हणजे जेथून प्रवाह सुखरूप ओलांडता येतो ती जागा, असा आहे. ज्याच्या योगाने जीव पलीकडे जातो ते तीर्थ. म्हणूनच आपल्या बहुतेक क्षेत्रांची वस्ती नदीकाठी झाली आणि भवसागर तरून जाण्याचे साधन म्हणून तीर्थयात्रेस धर्मजीवनात मानाचे स्थान मिळाले. पूर्वसूरींनी तीर्थांचे स्थावर, जंगम आणि मानस असे तीन प्रकार सांगितले आहेत. छत्रपती संभाजीनगर व पैठण यांना जोडणाऱ्या मार्गावरील चितेगावातून जाणाऱ्या यात्रेकरूस या तिन्हींचे दर्शन एकाच यात्रेत घडते.

स्थावर तीर्थ म्हणजे भूमी, जल व देवालय. उत्तरेस वेरूळ येथे बारा ज्योतिर्लिंगांपैकी श्रीघृष्णेश्वराचे स्थान असून, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांनी अठराव्या शतकात त्याचा जीर्णोद्धार केला. दक्षिणेस दक्षिणकाशी म्हणून गौरविलेले पैठण गोदातीरी वसले आहे. १९७६ साली राष्ट्रास अर्पण झालेल्या जायकवाडी धरणाच्या जलाशयासही ‘नाथसागर’ हेच नाव मिळाले, हे या भूमीच्या श्रद्धेस साजेसेच आहे.

जंगम तीर्थ म्हणजे संतसज्जन. देवगिरीवर श्रीजनार्दनस्वामींच्या चरणी शांतिब्रह्म श्रीएकनाथ महाराजांना गुरुकृपेचा लाभ झाला. पुढे त्यांनी शके १४९५ मध्ये काशीक्षेत्री ‘एकनाथी भागवत’ पूर्ण केले, शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस गोदावरीत देह ठेवला. त्या तिथीस आजही नाथषष्ठीचा सोहळा भरतो व दूरदूरच्या दिंड्या पैठणास येतात.

तिसरे तीर्थ मानस. सत्य, क्षमा, इंद्रियनिग्रह, दान व भूतदया ही मनाची तीर्थे होत. नुसत्या स्नानानेच मुक्ती मिळाली असती, तर पाण्यातच जन्मणारे व मरणारे जलचर केव्हाच स्वर्गी गेले असते, अशा आशयाचे परखड विवेचन स्कंदपुराणातील काशीखंडात आहे. याचा अर्थ स्नान व्यर्थ असा नव्हे. देहाबरोबर मनही भिजले पाहिजे, एवढाच त्याचा आशय.

नाथांच्या चरित्रातील सर्वश्रुत प्रसंग येथे मार्गदर्शक ठरतो. रामेश्वरास वाहण्यासाठी त्यांनी काशीहून गंगोदकाची कावड आणली होती. वाटेत तापलेल्या वाळूत तहानेने तडफडणारे गाढव दिसताच त्यांनी ते गंगोदक त्याच्या मुखी घातले. बरोबरच्या मंडळींना इतक्या दूरच्या वाटचालीचे फळ वाया गेल्यासारखे वाटले. नाथांची धारणा मात्र अशी की, रामेश्वरच सामोरा येऊन आपली सेवा स्वीकारून गेला. विचार करावा, ती कावड तशीच पुढे गेली असती तर अभिषेक झाला असता, पण पूजा झाली असती काय?

भगवंताने श्रीखंड्या होऊन नाथांघरी कावडीने पाणी भरले, अशी भाविकांची श्रद्धा आहे. त्या स्मृतीप्रीत्यर्थ नाथांच्या वाड्यातील रांजण दरवर्षी उत्सवकाळी भरला जातो. तो भरून वाहू लागला म्हणजे देव आले असे मानतात. पाणी पाजणाऱ्याच्या घरी पाणी भरण्यास देव येतो, हा या दोन कथांचा मेळ मनन करण्याजोगा आहे.

तेव्हा यात्रेकरूंनी दर्शनाच्या रांगेत वृद्धास पुढे वाट द्यावी, नदीपात्रात निर्माल्य व वस्त्रे टाकू नयेत आणि थकलेल्या वाटसरूची विचारपूस करावी. दात्यांनी कळसाइतकेच पाणपोई व अन्नछत्रासही आपले मानावे. वार्धक्यामुळे वा परिस्थितीमुळे ज्यांना घर सोडता येत नाही, त्यांनीही खंत करू नये. मानसतीर्थाचा घाट त्यांच्या दारीच आहे.

सर्वांची यात्रा सुफल होवो, ही श्रीचरणी प्रार्थना.