घराच्या व्यवहारातील मौन

घर भाड्याने देताना वा विकताना दोन्ही बाजू काही बोलतात, काही राखून ठेवतात. यातले कोणते मौन व्यवहारचातुर्य आणि कोणते असत्य, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे. बीड जिल्ह्यात तो बहुधा पाण्यावरून उभा राहतो. दिवाळीत फ्लॅट दाखवताना नळाला भरपूर धार असते. वैशाखात बोअर आटतो, टँकरची वर्गणी सुरू होते. मालकाला हे ठाऊक असते, नव्या भाडेकरूला नसते. केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण २०१६ मध्ये कोरडे पडले आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा मुलखात पाण्याबद्दल गप्प राहणे किरकोळ ठरत नाही.

रोमन विचारवंत सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये कर्तव्यांवरील ग्रंथात हाच पेच मांडला. घर रोगट आहे, खोल्यांत साप निघतात, लाकूड कुजले आहे. पण हे एकट्या मालकाला माहीत आहे. बॅबिलोनचा डायोजेनीस म्हणतो, कायदा सांगायला लावतो तेवढे सांगावे. घेणाऱ्यावर जबरदस्ती नाही आणि न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, समोरचा चुकतो आहे हे कळत असूनही त्याला चुकू देणे हा अपराधच. सिसेरोचा कौल अँटिपेटरला आहे.

महाभारत आणखी बारीक भेद दाखवते. ‘नरो वा कुंजरो वा’ या वाक्यात शब्द खरे होते, हेतू फसवण्याचा होता. ‘इमारतीला बोअर आहे’ हे उत्तरही तसेच खरे असते. प्रश्न मात्र त्याला पाणी किती महिने टिकते, हा असतो. याच महाकाव्याच्या शांतिपर्वात तपस्वी जाजलीला धर्म समजावतो तो तुलाधार नावाचा वाणी. त्याचा तराजू सर्वांना सारखा, म्हणून व्यापार करूनही तो धर्मनिष्ठ. म्हणजे नफा निषिद्ध नाही, कपट निषिद्ध आहे. इस्लामी धर्मशास्त्रातही लपलेला दोष उघड झाल्यास घेणाऱ्याला सौदा मोडण्याची मुभा असते. इजाऱ्याला, म्हणजे भाडेव्यवहारालाही, हे तत्त्व लागू होते.

मग घासाघीस असत्य ठरते का? मालक किती भाड्यावर राजी होईल, भाडेकरू किती अनामत देऊ शकेल, हे दोघांनी मनात ठेवले तरी कोणी फसत नाही. परिसरातले दर चार ठिकाणी विचारून कळतात. सामानासह दिलेल्या घरातले पंखे, कपाट, गीझर डोळ्यांनी पाहता येतात, चालवून यादीत लिहिता येतात. गीझरला आतून गळती आहे, हे मात्र मालकानेच सांगायचे असते. भाडेकरूवरही हेच बंधन आहे: घरात किती माणसे राहणार, जागेत धंदा करायचा आहे का, हे त्याच्याखेरीज कोणाला ठाऊक नसते.

१८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा हीच रेषा आखतो. साध्या काळजीने न दिसणारा, पण महत्त्वाचा दोष माहीत असल्यास तो सांगणे विकणाऱ्याचे आणि पट्ट्याने देणाऱ्याचे कर्तव्य आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. तसे नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. किंमत राखून ठेवणे हा सौद्याचा भाग. दुसऱ्याला दिसूच शकत नाही असा दोष राखून ठेवणे हे असत्य.