आई की बाळ: आधी विचारायचे कोणाला?

गरोदर बाईच्या मेंदूत गाठ निघाली की घरात पहिला प्रश्न उठतो: आईला वाचवायचे की बाळाला? या प्रश्नाची मांडणीच बहुधा चुकते. दिवस पुरेसे भरण्याआधी आई दगावली, तर मूलही सहसा हाती लागत नाही.

वैद्यकाचा अनुभव दोघांना एकत्र जपण्याचा आहे. मेनिन्जिओमासारखी गाठ गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे वाढू शकते. कॉन्ट्रास्टशिवाय एमआरआय करता येतो. सूज स्टेरॉइडने उतरवता येते. प्रकृती स्थिर असेल तर शस्त्रक्रिया चौथ्या ते सहाव्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतर करतात. मेंदूवरचा दाब जिवावर उठला, तर मात्र महिना पाहत नाहीत.

तरीही कधी निवड करावीच लागते. सुश्रुतसंहिता अडलेल्या जिवंत गर्भावर शस्त्र चालवू देत नाही. मृत गर्भ काढताना बाईला जपण्याची जबाबदारी वैद्यावर टाकते. ज्यूंच्या मिश्ना या धर्मग्रंथात बाळाचा बहुतेक भाग बाहेर येईपर्यंत आईचा जीव आधी. कॅथलिक विचार गर्भावरचा थेट आघात नाकारतो. पण आईवरच्या आवश्यक उपचारातून, हेतू नसताना, गर्भाला झालेली इजा क्षम्य मानतो. आईने उपचाराविना मरावे, असे यांपैकी कोणीही सांगत नाही.

1971 चा गर्भपात कायदाही, 2021 च्या दुरुस्तीनंतर, आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने गर्भपात करावा लागला तर आठवड्यांची मर्यादा आड येऊ देत नाही. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही.

खरा पेच इथेच आहे. हा आजार निर्णय घेणाऱ्या अवयवालाच ग्रासतो. बाई ग्लानीत गेली की तिच्या वतीने सासर-माहेर बोलू लागते. त्यामुळे ती शुद्धीवर असतानाच तिला सगळे समजावून तिचे मत नोंदवून घेणे, हे नैतिक कर्तव्य ठरते. बाळासाठी जोखीम पत्करायची असेल तर ती तिने पत्करावी. दुसऱ्यांनी तिच्यावर लादू नये.

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावसारख्या गावात हे कर्तव्य आणखी लवकर सुरू होते. मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, आणि वाटेतच शुद्ध हरपू शकते. पहाटे डोके ठणकणे, तिसरा महिना उलटूनही न थांबणाऱ्या उलट्या, अंधुक दिसणे, पहिल्यांदाच आलेली फिट यांना ‘गरोदरपणात व्हायचेच’ म्हणून सोडून देणे म्हणजे तिच्या निर्णयाची वेळच हिरावून घेणे. आशाताईने ही लक्षणे वेळीच ओळखून तिला पुढे पाठवले, तर उपचाराला वाव राहतो आणि निर्णय तिच्याच हाती राहतो.