उष्णोदक आणि असंग्रह

आंघोळीचे पाणी कशावर तापवावे, हा प्रश्न वरवर पाहता घरखर्चाचा आणि फार तर अभियांत्रिकीचा आहे. परंतु ज्या परिसरात असंग्रह हे व्रत म्हणून रोजच्या प्रार्थनेत उच्चारले गेले आणि जेथे खनिज इंधनाच्या वापराची नैतिक चिकित्सा जगाच्या बरीच आधी झाली, त्या वर्ध्यात तो धर्मविचाराचा प्रश्न म्हणूनही मांडावा लागतो. असंग्रह म्हणजे गरजेपुरते घेणे आणि त्यापलीकडचे न साठवणे. पतंजलींच्या योगसूत्रांत आणि जैन आचारशास्त्रात याच यमाला अपरिग्रह म्हटले आहे. गांधीजींच्या एकादश व्रतांच्या विवेचनात तो अस्तेयाला, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताला, लागून येतो. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून दर मंगळवारी पहाटे आश्रमवासीयांसाठी लिहिलेल्या आणि पुढे ‘मंगल प्रभात’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या पत्रांत त्यांनी अस्तेयाची व्याप्ती इतकी वाढवली की, मालकाच्या परवानगीने घेतलेली वस्तूसुद्धा, तिची खरी गरज नसेल तर, चोरीच्या सदरात जाऊन बसते. कमी वीज खाणारी नवी जलतापन यंत्रे या कसोटीवर कितपत उतरतात, हे पाहण्याजोगे आहे.

धर्मशास्त्राने स्नानाचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केले, वाहत्या पाण्यातील स्नान श्रेष्ठ मानले आणि ऊन पाण्याच्या स्नानाची मोकळीक मुख्यतः आजारी व अशक्त माणसाला दिली. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान मात्र ऊन पाण्याचे, आणि त्याचे कारणही उघड आहे: अंगाला लावलेले तेल गार पाण्याने निघत नाही. म्हणजे परंपरेने उष्णोदक निषिद्ध ठरवले नाही, पण त्याला निमित्त असावे अशी अपेक्षा ठेवली. वर्ध्याच्या हवामानात हे निमित्त वर्षातून जेमतेम चार महिने टिकते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी अंगावर घेववत नाही आणि घरोघरी बादल्या आदल्या रात्रीच भरून गार होण्यासाठी ठेवल्या जातात. तरीही न्हाणीघरातील गीझर बाराही महिने भिंतीवर असतो, आणि कित्येक घरांत तो केवळ सवयीने चालू केला जातो.

या सवयीचा हिशोब फारसा कठीण नाही. वीस लिटरची बादली वीस अंशांवरून चाळीस अंशांपर्यंत तापवायला जवळजवळ अर्धे युनिट वीज लागते. महाराष्ट्रातील वीज आजही बहुतांशी कोळशावर निघते आणि औष्णिक केंद्रात एका युनिटमागे साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो, म्हणजे एका माणसाच्या एका आंघोळीमागे सुमारे तीनशे ग्रॅम कोळसा खर्ची पडतो. हा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या गोंडवन थरांतला, आणि त्याचे एक मोठे क्षेत्र वर्धा नदीच्याच खोऱ्यात, वणी ते बल्लारपूरच्या पट्ट्यात आहे. चंद्रपूर आणि कोराडी ही महाऔष्णिक केंद्रे वर्ध्यापासून फार दूर नाहीत. त्यांची राख मात्र वर्ध्याच्या न्हाणीघरात उडत नाही, आणि म्हणूनच तेथे ती कोणाच्या हिशोबात येत नाही.

दृष्टीआड घडणाऱ्या हिंसेबद्दल भारतीय नीतिविचाराने एक फार नेमके त्रिक दिले आहे: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि केवळ संमती दिलेली, अशा तिन्ही प्रकारच्या हिंसेचा योगसूत्रांत एकत्रच विचार होतो आणि तत्त्वार्थसूत्रही हाच भेद मानते. पाणी तापवण्याच्या बाबतीत जैन आचार याचा सूक्ष्म विचार करतो. जलकाय आणि अग्निकाय, म्हणजे पाणी आणि अग्नी हेच ज्यांचे शरीर आहे असे जीव, पाणी उकळताना मरतात असे मानले असल्याने साधू स्वतः पाणी उकळत नाहीत. गृहस्थाने आपल्यासाठी उकळलेले पाणी ते स्वीकारतात, आणि ते खास साधूंसाठी उकळलेले नसावे असा दंडक आहे. जीवांविषयीची ही धारणा मान्य असो वा नसो, गरम पाण्याची जबाबदारी ते वापरणाऱ्यापर्यंत येऊन पोहोचते, हे या दंडकाने फार पूर्वी ओळखले होते. विजेचे बटण दाबणारा माणूस कारित आणि अनुमोदित यांच्या सीमारेषेवर उभा असतो.

कमी वीज खाणारे यंत्र ही जबाबदारी किती हलकी करते, हे ठरवताना ताऱ्यांच्या लेबलाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. साठवणीच्या गीझरमध्ये जवळजवळ सगळी वीज उष्णतेत उतरते, त्यामुळे त्या अर्थाने एक तारा आणि पाच तारे यांत फरक उरतच नाही. लेबल मोजते ते, तापलेले पाणी तसेच पडून राहिले तर चोवीस तासांत टाकीच्या भिंतीतून किती उष्णता निसटते ते. याचा अर्थ असा की पाच तारे ही साठवणुकीच्या गुणवत्तेची पावती आहे, आणि असंग्रहाच्या दृष्टीने यातला विनोद कोणाच्याही लक्षात यावा. उष्मापंप हे यंत्र याहून वेगळे: ते वीज जाळून उष्णता निर्माण करण्याऐवजी भोवतालच्या हवेतली उष्णता उपसून पाण्यात आणते, त्यामुळे एका युनिट विजेत सुमारे तीन युनिटांइतकी उष्णता मिळते, आणि वर्ध्यासारख्या उबदार हवेत तर ते अधिकच चांगले चालते.  यंत्र कोणतेही असले तरी वीज कशातून येते, हा नैतिक प्रश्न एकच राहतो.

त्या प्रश्नाला सर्वांत काटेकोर रूप दिले ते जे. सी. कुमारप्पा यांनी. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ते चिटणीस होते. संघाचे काम चालले ती वर्ध्यातील मगनवाडी उद्योगपती जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेवर उभी राहिली आणि गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिला हे नाव मिळाले. तुरुंगात लिहिलेल्या आणि १९४५ मध्ये गांधीजींच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात कुमारप्पांनी निसर्गातील संपत्तीचे दोन वर्ग पाडले. कोळसा, खनिज तेल, धातू यांचा साठा ठरलेला असतो आणि वापराबरोबर तो घटत जातो, म्हणून ती संपत्ती क्षणिक; नदीचा प्रवाह किंवा जंगलाची वाढ यांतून केवळ दरवर्षी येणारी भर घेतली तर मूळ तसेच राहते, म्हणून ती शाश्वत. साठ्यावर उभी राहिलेली अर्थव्यवस्था माणसांना आणि राष्ट्रांना झगड्याकडे ओढते, कारण एकाने घेतलेले दुसऱ्याच्या वाट्यातून कमी होते. प्रवाहावर जगणारी अर्थव्यवस्था अहिंसेला पोषक ठरते. दुसरे महायुद्ध सुरू असताना आणि तेलासाठी चाललेल्या लढाया डोळ्यांपुढे असताना केलेली ही मांडणी आहे, आणि तिच्यात हवामानबदलाचा उल्लेख नसूनही आजच्या ऊर्जाविचाराचा गाभा तीत आलेला आहे.

या वर्गवारीने पाहिले की गीझर आणि उन्हावर पाणी तापवणारा सौर बंब यांतला फरक कार्यक्षमतेचा राहत नाही. पाच ताऱ्यांचा गीझर साठ्यातूनच घेतो, फक्त थोडे कमी घेतो. सौर बंब प्रवाहातून घेतो, आणि प्रवाहाची मर्यादा त्याच्या रचनेतच असते. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि गार पाणी त्याची जागा घेते, एवढ्याच नियमावर, पंपाशिवाय, गच्चीवरची शंभर लिटरची टाकी दिवसभरात साठ अंशांच्या आसपास पोहोचते. संध्याकाळी ती जेवढी तापली असेल तेवढेच पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी घरात असते. पाणी संपले की संपले. साहजिकच पहिल्या आंघोळीला नळ किती वेळ सोडायचा, हा शेवटच्या आंघोळीचा प्रश्न होऊन बसतो, आणि असंग्रहाचा अभ्यास उपदेशाशिवाय घडतो. गीझरमध्ये असा शेवट नाही. पाणी गार लागले की दहा मिनिटे थांबायचे. विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये दाखवून दिले की वाफेची इंजिने जसजशी काटकसरी झाली तसतसा इंग्लंडचा कोळशाचा खप वाढत गेला, कारण स्वस्त पडणारी शक्ती अधिक ठिकाणी वापरली जाऊ लागली. बिल कमी येते म्हणून आंघोळ लांबवणारे घर हाच नियम पाळत असते. सौर टाकीत विजेची कॉइल बसवून घेण्याची पद्धत आता रूढ आहे, पावसाळी आभाळासाठी तिचे समर्थनही करता येते. पण ती बाराही महिने चालू राहिली तर सौर बंबाने घातलेली मर्यादा नाहीशी होते आणि सूर्य केवळ सवलतीच्या दरापुरता उरतो.

या ठिकाणी जुन्या तांब्याच्या बंबाची आठवण हळवेपणाने काढणारे पुष्कळ भेटतात. मधल्या नळकांड्यात विस्तव, भोवती पाणी, खाली राखेची जाळी आणि बाजूला पितळी तोटी अशी त्याची रचना निःसंशय चतुर होती, आणि वर्धा जिल्ह्यात त्यात किंवा चुलीत जाई ती कापूस वेचून झाल्यावर उपटलेली पऱ्हाटी, तुरीची तुराटी आणि गोवऱ्या, म्हणजे कुमारप्पांच्या भाषेत निव्वळ वार्षिक भर. स्वयंपाक चालू असताना चुलीच्या वैलावर ठेवलेला गंज तर वाया जाणाऱ्या आचेवरच तापे. परंतु पऱ्हाटीचे भारे बांधून आणणे, पहाटे धुरात बसून जाळ करणे आणि घरातल्या प्रत्येक पुरुषाला आंघोळीचे पाणी काढून देणे हे काम एकाच व्यक्तीच्या वाट्याला येई, आणि तिची स्वतःची आंघोळ उरलेल्या कोमट पाण्यात होई. निसर्गाच्या दृष्टीने प्रवाहावर चालणारी ही व्यवस्था घरातल्या घरात मात्र साठ्यावरच चालत होती. तो साठा बाईच्या फुप्फुसांचा आणि पाठीचा होता. शरीरश्रम हेही एकादश व्रतांपैकी एक आहे, पण व्रत स्वतः घ्यायचे असते, दुसऱ्यावर लादायचे नसते. १९४७ च्या सुमारास ग्रामोद्योग संघातर्फे ‘मगन चूल’ ही धुराड्याची मातीची चूल पुढे आली, तेव्हा साधेपणाचा पुरस्कार करणाऱ्या याच वर्तुळाने धूर हा साधेपणाचा भाग मानला नाही, ही गोष्ट त्यांच्या विचाराच्या निरोगीपणाची साक्ष आहे.

गार पाण्याने आंघोळ करावी, म्हणजे सगळाच प्रश्न मिटला, हे उत्तर धडधाकट माणसाचे आहे. बाळंतीण, तान्हे मूल, संधिवाताने आखडलेला म्हातारा माणूस यांच्यासाठी ऊन पाणी ही गरज आहे, आणि अस्तेयाची गांधीकृत व्याख्या गरजेवरच उभी आहे. जानेवारी १९७८ मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात आलेल्या इव्हान इलिच या विचारवंताने गांधीजींच्या निवासाच्या बापूकुटीत बसून केलेले चिंतन याच अंगाने जाते: माती, बांबू आणि कौलांची ती कुटी त्याला दारिद्र्याची खूण वाटली नाही, कारण माणसाला लागते ते तेथे होते आणि माणसाला परावलंबी करणारे सामान तेथे नव्हते.

तरीही सौर बंबाबाबत एक गाठ सुटत नाही, आणि ती वर्ध्यातच पुन्हा गांधीविचाराशी येऊन भिडते. ऊन कोणाच्या मालकीचे नाही. गच्ची मात्र मालकीची असते. भाड्याच्या खोलीत राहणारे कुटुंब किंवा वसतिगृहातला विद्यार्थी प्रवाहावर जगण्याची कितीही इच्छा धरो, त्याच्या हाती बादलीत बुडवायचा रॉड एवढेच साधन येते, म्हणजे कोळशाची वीज, आणि त्यात शॉक बसण्याचा धोका. गांधीजींची विश्वस्तवृत्ती म्हणजे आपल्याजवळचे धन समाजाची ठेव समजून सांभाळणे. या कल्पनेची चर्चा आजवर गिरण्या, जमिनी आणि भांडवल यांच्या संदर्भात झाली, गच्चीच्या संदर्भात फारशी झाली नाही. ती लागू करायची तर घरमालकाने एकट्याच्या न्हाणीघरासाठी शंभर लिटरची टाकी बसवण्याऐवजी सर्व भाडेकरूंना पुरेल अशी सामाईक टाकी बसवणे, आणि नळांच्या आखणीत तळमजल्यावरच्या खोलीलाही ते पाणी निवायच्या आत पोहोचेल अशी तजवीज करणे, हे त्याच्या दानशूरपणाचे नव्हे तर कर्तव्याचे काम ठरते.