जेवणाच्या वेळचे सैंधव

शब्दशः खरे असूनही ऐकणाऱ्याला भलत्याच वाटेने नेणारे वाक्य सत्य मानावे की असत्य, या नीतिविचारातील जुन्या प्रश्नाचा एक निर्मळ नमुना इंग्लंडमधील गूढ शब्दकोड्यांत, विशेषतः खाण्यापिण्याच्या संकेतवाक्यांत, सापडतो. अशा संकेतवाक्याचा एक भाग बहुधा उत्तराचा अर्थ सांगतो, तर दुसरा त्याची अक्षरे कशी जुळवावीत हे सांगतो. काही शिजवले, ढवळले किंवा घुसळले असे म्हटले असेल, तर ती पुष्कळदा शेजारच्या अक्षरांची उलटापालट करण्याची आज्ञा असते. एका प्रसिद्ध कोड्यात ‘जी, ई, जी, एस’ एवढीच चार अक्षरे आणि पुढे उत्तरातील शब्दांच्या अक्षरसंख्येचे नऊ व चार हे आकडे दिलेले होते. ‘एग्ज’ या शब्दाचीच अक्षरे विस्कटलेली असल्यामुळे उत्तर ‘स्क्रॅम्बल्ड एग्ज’ असे येते, आणि सारे काही डोळ्यांसमोर मांडलेले असूनही ते चटकन दिसत नाही, यातच त्याचे सौंदर्य आहे.

भारतीय शब्दविचारात याला जवळचे उदाहरण ‘सैंधव’ या शब्दाचे आहे. सैंधव म्हणजे सिंधुदेशातले, म्हणून मीठही आणि घोडाही. पानावर बसलेल्याने सैंधव मागितले तर मीठ आणावे आणि प्रवासाला निघालेल्याने मागितले तर घोडा, हा निर्णय ज्यावरून होतो त्या संदर्भाला शास्त्रकार ‘प्रकरण’ म्हणतात. कोडेकार मुद्दाम पान मांडतो, मीठच हवे असे भासवतो, आणि त्याला हवा असतो घोडा.

मग ही फसवणूक नव्हे काय? इंग्लंडमधील वेल्स या गावातील शाळेचे मुख्याध्यापक आणि अँग्लिकन धर्मोपदेशक ए. एफ. रिची यांनी ‘आफ्रित’ या टोपणनावाने 1949 साली काढलेल्या पुस्तकात असा दंडक घातला की, वाक्याचा वरवरचा अर्थ कोडेकाराला अभिप्रेत नसला तरी चालेल, परंतु जे अभिप्रेत आहे ते त्याच्या शब्दांनी नेमके सांगितलेच पाहिजे. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्याची कसोटी याहून कडक आहे: आपला बोध दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्यासाठी बोललेली वाणी वंचक, भ्रांत किंवा बोधशून्य नसावी. या कसोटीवर अश्वत्थाम्याविषयीचे युधिष्ठिराचे वाक्य टिकत नाही, कारण द्रोणाचार्य चुकीच्याच समजुतीत राहावेत, हाच त्याचा हेतू होता. कोडेकाराचे यश मात्र सोडवणारा योग्य उत्तराशी पोहोचण्यातच असते. तेथे बोध नाकारलेला नसतो, लांबणीवर टाकलेला असतो, आणि तोही खेळायला राजीखुशीने बसलेल्याच्या बाबतीत. म्हणूनच संकेतवाक्यातील एखादा शब्द निव्वळ सजावटीसाठी घुसडलेला असेल, तर तो केवळ कारागिरीचा दोष नसून सत्याचा भंग आहे, कारण त्या शब्दावरून उत्तराकडे जाणारी वाट मुळातच नसते.

‘अराउकारिया’ या नावाने ‘गार्डियन’मध्ये अनेक दशके कोडी रचणारे रेव्हरंड जॉन ग्रॅहम यांनी जानेवारी 2013 मध्ये स्वतःच्या आजाराची वार्ता वाचकांना कोड्यातूनच दिली. कोड्याच्या वर दिलेल्या निवेदनात रोगाच्या आणि अवयवाच्या नावांच्या जागी घरांचे क्रमांक होते. त्या घरांत कर्करोग आणि अन्ननलिका या अर्थांचे इंग्रजी शब्द येत होते, आणि चौकोन भरत गेलेल्या वाचकाच्याच हाताने ती बातमी एकेका अक्षराने लिहिली गेली.