झाडातळी की छपरातळी?

ज्याने घर सोडले त्याने राहावयाचे कोठे? प्रश्न साधा दिसतो. पण संन्याशापुढे तो पहिल्याच संध्याकाळी उभा राहतो.

युरोपात सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने सांगितले, ज्या मठात शिरलास तेथेच देह ठेव. मठामठांतून पाहुणचार झोडीत हिंडणाऱ्या साधूंवर त्याने आपल्या नियमावलीच्या पहिल्याच प्रकरणात कोरडे ओढले आहेत. आमच्याकडे तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी नेमके उलट सांगितले: एका गावी रमू नये, भिक्षा मागावी, झाडाखाली निजावे. बेनेडिक्टला हिंडण्याचे भय, स्वामींना राहण्याचे. दोघांनाही माणसाचे मन चांगले ठाऊक होते, हीच तर अडचण!

नांदेड जिल्ह्यातील माहूर हे महानुभावांचे मोठे तीर्थ, दत्तात्रेयप्रभूंचे स्थान. तेथे गेलात तर हिंडणाऱ्यांच्या या पंथाचे आश्रम दिसतील. यात ढोंग शोधणे सोपे आहे. मला ते पटत नाही. स्वामींच्या मागे म्हाइंभटांनी, ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गाठून आठवणी गोळा केल्या, तेव्हा 'लीळाचरित्र' हे मराठीतील आद्य गद्यचरित्र सिद्ध झाले. ग्रंथ जमला तो पायांनी. पण माणूस झाडाखाली निजू शकतो, पोथी नाही. तिला पाऊस आहे, वाळवी आहे, धाड आहे. पोथीसाठी छप्पर आले, छपरासाठी भिंत, भिंतीमागून कुलूप. चौदाव्या शतकात तर अक्षरांनाच कुलूप पडले. सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या निघाल्या. बायाबापड्यांना कळावे म्हणून ज्यांनी मराठीत सांगितले, त्यांचेच शब्द मराठी माणसाला विसाव्या शतकापर्यंत वाचता येईनात.

हे योग्य झाले काय? दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचे आजोबांचे बासन ज्यांनी न सोडताच पुसून परत ठेवले असेल, त्यांनी तरी उत्तराची घाई करू नये. मला वाटते, जपण्याचा हक्क कुलूप लावणाऱ्याला असतो. पण किल्ली कोणालाच न देण्याचा नसतो. महानुभावांनी ती शिष्यपरंपरेत दिली, म्हणून तर पुढे संशोधकांच्या हाती लागली.

बेनेडिक्टचा मोंते कासिनोचा मठ 15 फेब्रुवारी 1944 रोजी दोस्तांच्या बाँबवर्षावात कोसळला. भिंती पडल्या, पण पोथ्या राहिल्या. त्या 1943च्या अखेरीसच मालमोटारींत घालून रोमकडे नेल्या होत्या.